सकाळी पोराचं आवरणं: खाली व्हॅनचा हॉर्न आणि एक मोजा अजून हातातच

गोडोलीची_आई | सोमवार, दुपारी १२:१०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण सकाळी घरात जे झालं त्यानंतर ऑफिसात येऊनसुद्धा माझं मन थाऱ्यावर नाही.

आम्ही साताऱ्यात गोडोलीत राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा, सिनियर केजीत. शाळा ९ ची, व्हॅन ८:३५ ला खाली येते. नवरा एमआयडीसीत पहिल्या पाळीला, तो साडेसहालाच बाहेर पडतो, सासूबाईंचे गुडघे दुखतात त्यामुळे त्यांना खाली बसून पोराचं करता येत नाही. म्हणजे सकाळचं सगळं माझ्यावरच. मी पाच-पन्नासला उठते, पोराला सातला उठवते. दीड तास हातात असतो हो, कमी नाही, तरी रोज शेवटची दहा मिनिटं रणांगण होतं.

आज बनियन आणि चड्डी घालून झाली, म्हटलं आता मोजे घाल, मी पोळ्या उरकते. चार पोळ्या झाल्यावर बाहेर आले तर हा फरशीवर मांडी घालून बसलेला, मोजा हातात चढवलेला, भोकातून अंगठा बाहेर काढून त्या अंगठ्याशी गप्पा चाललेल्या. शर्ट तसाच, पँट तशीच. तेवढ्यात खाली हॉर्न. मी पाय ओढला आणि मोजा खसकन चढवला, टाचेचा भाग वर आला, तो "टोचतंय टोचतंय" करत रडायला लागला आणि मी त्याच्या मांडीवर जोरात चापट मारली. तसाच रडत गेला. रोज व्हॅनच्या खिडकीतून हात करतो, आज पलीकडे तोंड करून बसला.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. या वयाच्या मुलाकडून स्वतःचे कपडे स्वतः घालायची अपेक्षा बरोबर आहे का, की मी फार मागतेय? आणि तुमच्याकडे सकाळी नेमकं काय चालतं ते सांगा. "लवकर उठवा" एवढंच नको, ते करून झालंय, साडेसहाला उठवलं की तो अर्धा तास जास्त रेंगाळतो, बाकी काही होत नाही.

करंजेकर | सोमवार, १२:४०

ताई +१. आमच्याकडे जुळे आहेत, एकाचं होईपर्यंत दुसरा काढून टाकतो. वाचतेय. आणि चापटीचं मनाला लावून घेऊ नका, संध्याकाळी जवळ घेऊन त्याला सांगा की आईचं चुकलं, मुलांना ते बरोबर कळतं.

मिरजेचा_बाबा | सोमवार, १:२५

आमच्या घरी सकाळचं माझ्याकडे आहे, बायकोची हॉस्पिटलात ड्यूटी असते. मुलगी पाच वर्षांची. पहिल्या वर्षी आमचंही हेच होत होतं, मग मी एक आठवडा नुसतं बघितलं की वेळ जातो कुठे. कपडे घालण्यात फार कमी जातो, शोधण्यात जातो! बेल्ट कुठाय, आयकार्ड कुठाय, काल पीटीचा ड्रेस होता तर त्यातला एक पांढरा मोजा पलंगाखाली, रिबिन एकच सापडतेय. आता रात्री जेवण झालं की आम्ही दोघं मिळून खुर्चीवर गठ्ठा लावतो. जे आधी घालायचं ते सगळ्यात वर. चड्डी, मग स्लिप, मग फ्रॉक, मग बेल्ट, मोजे बुटातच खुपसलेले. सकाळी तिला काही विचारावं लागत नाही, वरचं उचलायचं आणि घालायचं. गठ्ठा संपला की आवरलं. गठ्ठा तिनेच लावायचा हे महत्त्वाचं, मी लावला तर सकाळी "हा नको तो" सुरू होतं, तिने लावला असेल तर तिचाच निर्णय असतो ना तो.

दुसरं, झोप. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते, सहाच्या पुढे ९ ते १२. हे आकडे अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेत, आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आमची पोरगी माझी वाट बघत पावणेअकरापर्यंत जागी असायची आणि सातला उठायची, म्हणजे सव्वाआठ तास. ते पोरगं सकाळी चिडणार नाही तर काय करणार. मी दुकान अर्धा तास आधी बंद करायला लागलो, साडेनऊला दिवा बंद. पंधरा दिवस लागले बसायला पण नंतर सकाळी तिला हलवून उठवावं लागेना.

गोडोलीताई, तुमचा किती वाजता झोपतो?

गोडोलीची_आई | सोमवार, १:५०

दहा, कधी साडेदहा. दुपारी झोपत नाही. म्हणजे साडेआठ तासच की. हे मी कधी मोजलंच नव्हतं.

शुक्रवार_पेठ | सोमवार, ३:०५

माझं मत वेगळं आहे. आम्ही पाच भावंडं, वाड्यात एकच मोरी, बंबातलं पाणी नंबराने मिळायचं, आई एकदा हाक मारायची आणि सगळे तयार. धाक होता. आजकाल मुलांना फार विचारत बसतात. एक दिवस तसाच अर्ध्या कपड्यावर पाठवा, दुसऱ्या दिवशी बरोबर आवरेल.

अंगणवाडीताई | सोमवार, रात्री ९:३५

शुक्रवार पेठवाले काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते, तुम्हा पाचांत धाकट्याला कपडे कोण घालायचं ते जरा आठवून बघा. मोठी बहीण घालायची. आमच्याकडे पण मीच माझ्या भावाची चड्डी आणि सदरा घालून द्यायची. धाकाने ते लेकरू आवरत नव्हतं, घरात रिकामे हात होते म्हणून आवरत होतं. आता त्या माउलीकडे सकाळी दोनच हात आहेत आणि त्यातला एक तव्यावर. आणि अर्ध्या कपड्यावर पाठवलं तर साडेचार वर्षांच्या लेकराला चारचौघांत लाज वाटेल एवढंच होईल, बटण लावायला नाही येणार त्याने.

मी तासगाव तालुक्यात अंगणवाडी चालवते, बावीस वर्षं झाली. गोडोलीताई तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. साडेचार वर्षांचं मूल इलॅस्टिकची चड्डी, सैल पँट, बनियन, मोजे, वेलक्रोचे बूट हे घालू शकतं, थोडं वाकडंतिकडं होईल पण होतं. मोठी बटणं चार ते पाच या वयात जमायला लागतात. गळ्याचं बटण, हुक, बेल्टचं बक्कल अजून वर्षभर अवघड जातं. बुटाची नाडी तर पाच-सहाच्या पुढेच, काहींना सातव्या वर्षापर्यंत वेळ लागतो. काढणं आधी येतं, घालणं नंतर. म्हणून पहिलं शिक्षण घरी आल्यावर कपडे काढण्यात द्यायचं, तेव्हा घाई नसते, कुणी हॉर्न वाजवत नाही.

शिकवताना एक करा. शेवटची पायरी त्याची. मोजा तुम्ही टाचेपर्यंत चढवून द्या आणि शेवटचं वर ओढायचं काम त्याचं. "ओढ बघू!" ओढला की मोजा घालून झाला आणि तो त्याने घातला. ते जमलं की टाचेच्या अलीकडे सोडा, मग बोटांपाशी. मागून पुढे यायचं. आपण उलट करतो, लेकराला सुरू करायला सांगतो आणि ते अडकलं की शेवट आपण करतो, म्हणजे रोज त्याच्या वाट्याला नुसतं अडकणंच येतं.

आणखी एक सांगते, माझ्या मनाला फार लागलेली गोष्ट आहे ही. आपण म्हणतो "आवर". आवर म्हणजे काय? त्यात बारा कामं आहेत. मोठ्या माणसाच्या डोक्यात ती ओळीने उभी असतात, लेकराच्या डोक्यात काहीच उभं नसतं. त्याला नुसता आवाज ऐकू येतो. "पाच मिनिटात" पण कळत नाही, त्या वयाला पाच मिनिटं आणि अर्धा तास सारखाच. एका वेळी एक, आणि हातात धरता येईल असं सांगा. "पँटचं भोक शोध." "आता पाय बाहेर काढ." मी अंगणवाडीत "आवरा" हा शब्द बंद केला तेव्हापासून माझा घसा बसायचा थांबला.

स्वेटर-रेनकोटची सोपी युक्ती सांगते, समोरून उघडणारा असेल तर जमिनीवर पसरायचा, आतली बाजू वर, कॉलर लेकराच्या पायाकडे. वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि उचलून डोक्यावरून मागे टाकायचा. आपोआप अंगात बसतो. तीन वर्षांची लेकरं करतात माझ्याकडे, आणि त्यांना तो खेळच वाटतो.

करंजेकर | सोमवार, ९:५०

ताई रेनकोटचं आत्ता करून बघितलं, दोघांनाही जमलं!! आता काढायला तयार नाहीत.

खणभाग_शिलाई | मंगळवार, सकाळी ११:१५

सांगलीत खणभागात मी शाळेचे ड्रेस शिवते, मे-जून दोन महिने मान वर करायला वेळ नसतो. माझ्या बाजूने थोडं लिहिते, कारण निम्मा दोष पोराचा नसून कपड्याचा असतो आणि तो कुणी बघत नाही.

सगळे सांगतात वाढत्या अंगाचं शिवा. बरोबर आहे, कापड स्वस्त नाही. पण मग बाही बोटांच्या खाली दोन इंच येते आणि आपण त्या पोराला म्हणतो बटण लाव. बोटंच बाहेर नाहीत तर लावणार कशाने? बाही आत दुमडून हाताने कच्ची टीप घाला, सहा महिन्यांनी उसवा. पँटच्या पायाला पण तेच, नाहीतर पाय आत अडकतो आणि पोर धडपडतं.

काज नवीन असताना घट्ट असतं. नवीन शर्ट आणला की पहिल्या रात्रीच तुम्ही स्वतः प्रत्येक बटण पंधरा-वीस वेळा काढा-घाला. तरी घट्ट वाटलं तर काज दोन दोरे मोठं करून परत विणून घ्या, कुठलाही टेलर करून देतो. आणि बटण बघा कसं लावलंय. मशिनवर लावलेलं बटण कापडाला चिकटून असतं, छोट्या बोटांना धरायला जागाच नसते. ते काढायचं, बटण आणि कापडाच्या मध्ये काडेपेटीची काडी ठेवायची, काडीवरूनच टाके घालायचे, मग काडी ओढून काढायची आणि खाली जो सैल दोरा राहतो त्याला तीन-चार वेढे देऊन गाठ मारायची. त्याला आम्ही बटणाला मान देणं म्हणतो. मान असलेलं बटण पोराच्या बोटात बसतं. पाच बटणांना वीस मिनिटं लागतात, वर्षभर सुख. आणि बटणं खालून वर लावायला शिकवा, खालचं बटण त्याला डोळ्याने दिसतं, गळ्याचं दिसत नाही. वरून सुरू केलं की एक बटण चुकतं आणि शेवटी एक काज शिल्लक राहतं.

चेनला छोटी नाडी किंवा किचेनची कडी बांधा, ओढायला सोपी जाते. हुकची पँट असेल तर मागून इलॅस्टिक टाकून घ्या, बाहेरून शाळेला काही कळत नाही. चड्डी-बनियनची पुढची-मागची बाजू कळावी म्हणून आतून मागच्या बाजूला लाल दोऱ्याचा एक टाका घाला. मोज्याच्या टाचेला पण. गोडोलीताई, तुमच्या मुलाचा मोजा फिरला ना, त्याला टाच कुठे ते कळतच नसेल, पांढरा मोजा सगळीकडून सारखाच दिसतो.

बुटाचं पण करता येतं. गोल स्टिकर मधोमध कापायचा, अर्धा डाव्या बुटात अर्धा उजव्या बुटात आतल्या कडेला. दोन बूट शेजारी ठेवले आणि चित्र पूर्ण झालं की बरोबर.

विश्रामबाग | मंगळवार, २:२०

ते "टोचतंय" वाचून थांबले. माझ्या मुलीचं पहिलीपर्यंत हेच होतं, आम्हाला नाटक वाटायचं. मोज्याच्या बोटांवरची जाड शिवण तिला सहन व्हायची नाही, शर्टाच्या मानेमागचं लेबल सहन व्हायचं नाही. एकदा मोजे उलटे घालून दिले, शिवण बाहेर, आणि तिचं रडणंच थांबलं. शाळेत बुटाच्या आत कोण बघतंय. लेबल कापून उरलेले टोकदार धागे पण उसवून काढा नाहीतर ते जास्त टोचतात. नवीन युनिफॉर्म दोनदा धुऊन मगच घाला, खळ जाते.

फक्त एक, जर मुलाला कपड्यांबरोबर केस विंचरणं, नखं कापणं, मिक्सरचा आवाज, हात चिकट होणं असं सगळंच फार जड जात असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा, ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवतात. आम्ही मिरजेला जात होतो, खूप फरक पडला.

करंजेकर | मंगळवार, ३:००

मी मोबाईलवर कार्टून लावून देते आणि तेवढ्यात कपडे चढवते. चुकीचं आहे माहितीय पण व्हॅन चुकत नाही.

मिरजेचा_बाबा | मंगळवार, ३:३०

मी तेच करायचो हो. व्हॅन चुकत नाही हे खरं, पण पोरगी बाहुलीसारखी हात वर करून उभी राहायची, वर्षभरात तिला एक बटण लावता आलं नाही कारण तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडे नव्हतंच. आणि मोबाईल काढून घेताना जी रडारड व्हायची ती वेगळी. जुळ्यांना तुम्ही एकट्या बघता त्यामुळे तुम्हाला बोल लावायचा हक्क मला नाही. एवढंच सुचवतो, रविवारी तरी मोबाईलशिवाय करून बघा.

आज्जी_माधवनगर | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

मी नातवाचं करते. माझा अनुभव, आधी खाणं मग युनिफॉर्म. पूर्वी मी सगळं घालून खायला बसवायचे, दूध सांडायचं, आणि बरोबर निघायच्या वेळी त्याला शी लागायची, परत सगळं काढा. डॉक्टर म्हणाले आज्जी, पोटात अन्न गेलं की आतडी हलतात, त्यामुळे खाल्ल्यावरच लागणार, त्याचा काय दोष. आता उठला की कोमट पाणी, मग घरच्याच कपड्यावर नाश्ता, मग दहा मिनिटं संडासात निवांत, मग अंघोळ आणि कपडे. ओल्या अंगावर बनियन चिकटते आणि वर चढत नाही, म्हणून अंग नीट कोरडं करा, पाठ विशेषतः.

आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना खुर्चीवर बसवा की, नातू त्यांच्यासमोर उभा राहील. बटणं खुर्चीत बसून लावता येतात. त्यांनाही बरं वाटेल.

गोडोलीची_आई | मंगळवार, ७:१०

आज्जी, हे मला का नाही सुचलं. त्या रोज दारातून बघत असतात बिचाऱ्या.

शाहूपुरी_व्हॅन | बुधवार, दुपारी १:४०

मी शाळेची व्हॅन चालवतो म्हणून लिहितो. एका दारात तीन मिनिटं थांबलो की पुढच्या सात घरांना तीन मिनिटं उशीर, आणि ती पोरं पावसात गेटवर उभी असतात. म्हणून हॉर्न वाजवावा लागतो, कुणाला घाबरवायला नाही. बूट राहिले असतील तर पिशवीत घालून द्या, मी शाळेपाशी घालून देतो. टाय, आयकार्ड पण. पण पोराला रडत बसवू नका, एक रडला की सगळी व्हॅन रडते. आणि पावसाळ्यात कोरड्या मोज्यांचा एक जोड दप्तरात असू द्या.

कोरेगाव_रोड | बुधवार, ४:१५

आमच्या शाळेची वेळ सकाळी ७:२० होती, तेव्हा कसली युक्ती चालणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला की पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग ९ किंवा त्यानंतर भरवावेत, कारण मुलांची झोप होत नाही. तरी आमच्या शाळेने दोन पाळ्यांची अडचण सांगून बरेच महिने जुनीच वेळ ठेवली. आम्ही पंधरा-वीस पालक मिळून लेखी अर्ज घेऊन गेलो तेव्हा बदलली. ज्यांच्याकडे अजून जुनी वेळ असेल त्यांनी एकेकट्याने न जाता मिळून जा.

आणि पावसाळ्यातले युनिफॉर्म वाळवायला: पँट उलटी करून कमरेचा पट्टा वर येईल अशी पंख्याखाली टांगा, पट्टा आणि खिसेच ओले राहतात. सकाळी इस्त्री फिरवून वाळवायची वेळ येत नाही.

शुक्रवार_पेठ | बुधवार, रात्री ८:३०

अंगणवाडीताई, तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. धाकटा मीच. मला थोरली अक्का कपडे घालायची, अगदी मुंजीच्या वयापर्यंत. तिला आज फोन केला, ती म्हणाली तू बटणं लावताना माझ्या वेणीशी खेळायचास. माझं वरचं लिहिणं मागे घेतो.

अंगणवाडीताई | बुधवार, ९:००

काका, अक्कांना माझा नमस्कार सांगा.

गोडोलीची_आई | तीन आठवड्यांनी, शनिवार, सकाळी १०:३०

सगळ्यांना कळवायचं होतं, उशीर झाला.

झोपेपासून सुरुवात केली. नऊ-सव्वानऊला दिवा बंद, पहिले चार दिवस तो अंधारात बडबडत पडायचा, आता झोपतो. सकाळी मी उठवायच्या आधीच त्याचे डोळे उघडे असतात असं दोनदा झालं. गठ्ठा तो लावतो, त्यात रोज एक छोटी गाडी पण ठेवतो सगळ्यात खाली, कपडे संपले की ती मिळते, हे त्याचं त्यानेच ठरवलंय.

खणभागताईंचं वाचून शर्टाची पाचही बटणं उसवून काडी ठेवून परत लावली, शाळेचे दोन्ही शर्ट. सासूबाई शेजारी बसून दोरा ओवून देत होत्या. बाह्या दीड इंच आत घेतल्या. मोज्याच्या टाचेला लाल टाके घातले तर त्याने त्याचं नाव ठेवलंय "मुंगी". मुंगी खाली गेली पाहिजे, असं म्हणत मोजा फिरवतो.

सकाळी मी पोळ्या करते आणि तो हॉलमध्ये सासूबाईंच्या खुर्चीसमोर उभा राहतो. त्या "आवर" म्हणत नाहीत, मी त्यांना ताईंचं लिहिणं वाचून दाखवलं होतं. त्या म्हणतात, "भोक सापडलं का रे?" गळ्याचं बटण त्या लावतात, बाकी चार त्याची. मंगळवारी अजून बिनसलं, लाइट गेली होती, गीझर बंद, पाणी गॅसवर तापवण्यात वीस मिनिटं गेली आणि शेवटी बूट पिशवीत घालून दिले. व्हॅनवाल्या काकांनी काही न बोलता घेतले. मी ओरडले नाही.

चापटीचं त्याला त्याच दिवशी रात्री सांगितलं होतं, आईचं चुकलं म्हणून. तो म्हणाला, "मोजा पण रडला होता." मग आम्ही दोघांनी तो मोजा शोधून धुवायला टाकला.

काल शर्टाचं खालून चौथं बटण लावताना त्याला वेळ लागत होता, जीभ बाहेर काढून दोन्ही हातांनी लावत होता, आणि खाली हॉर्न वाजला. माझा पाय पुढे पडला होता, सासूबाईंनी हाताने मला थांबवलं. त्याने बटण काजातून ओढून काढलं, वर बघितलं, आणि दप्तर घेऊन निघाला. आज शनिवार, पीटीचा ड्रेस, टीशर्ट आहे, बटणच नाही. तर सकाळी मला विचारतो, आज बटणं कुठायत?

खणभाग_शिलाई | शनिवार, ११:०५

घरी घालायला बटणांचा एक शर्ट शिवून देते त्याला, माप पाठवा. छाती, बाही आणि खांदा. बटणं मोठी लावते, कुठल्या रंगाची हवीत ते त्यालाच विचारा.